सीएसटू

त्याला रंग नाही. शुद्ध असेल तर वासही वाईट नाही. थोडा गोडसर, ईथरच्या वळणाचा. पण कारखान्यात तो इतका शुद्ध क्वचितच भेटतो, आणि तिथं त्याला कुजलेल्या कोबीचा दर्प असतो. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही. पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी बसतो, म्हणून त्याला पाण्याच्या थराखाली किंवा नायट्रोजनच्या आच्छादनाखाली ठेवतात. आच्छादन निघालं की त्याचा स्वभाव कळतो. 46 अंश सेल्सिअसला तो उकळतो. वैशाखातल्या कल्याण-मुरबाड पट्ट्याच्या उन्हापासून हा आकडा फार लांब नाही. त्याची वाफ हवेच्या अडीच पटींहून जड, त्यामुळे ती वर निघून जात नाही, जमिनीलगत सरकत चर आणि खड्डे शोधते. तिला पेटायला ठिणगीच हवी असंही नाही. सुमारे 90 अंशांपर्यंत तापलेली एखादी वाफेची नळी पुरते.

पाठ्यपुस्तकात त्याचं नाव कार्बन डायसल्फाइड : कार्बनचा एक अणू, गंधकाचे दोन. जुन्या कायद्यांत तो कार्बन बायसल्फाइड म्हणून येतो. रेयॉनच्या कारखान्यात ज्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो, ती माणसं त्याला सीएसटू म्हणतात. मीही तेच म्हणेन.

कल्याण सोडून कसाऱ्याच्या गाडीनं निघालं की पहिलं स्टेशन शहाड. बाहेरच्यांना शहाड आठवतं ते मुरबाड रोडवरच्या पुलावर अडकलेल्या गाड्यांमुळे, नाहीतर बिर्ला मंदिरातल्या विठ्ठलामुळे. पंढरपूरला जाणं न जमणारी माणसं आषाढीला इथं रांग लावतात. पण या वस्तीला आजचा आकार दिला तो रेयॉननं. 1956 मध्ये शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झाली. पुढच्याच आंबिवली स्टेशनाजवळ, मोहोन्याला, नॅशनल रेयॉन तिच्याही आधी उभी राहिली होती. रेयॉनला पाणी अमाप लागतं आणि उल्हास नदी ते देत होती. शेजारी रेल्वे होती. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर वाढत होतं. मुरबाड-शहापूरच्या खेड्यांतून, कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेतून हातांना काम शोधणारी माणसं येत होती. शिफ्टच्या वेळांवर घरं चालू लागली, पोरं शिकली, गावाकडची कर्जं फिटली. सीएसटूची ओळख करून द्यायची तर हे आधी सांगायला हवं. त्यानं या पट्ट्यात हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, पिळतात, त्याचा चुरा करतात, काही काळ मुरू देतात. मग बंद पिंपात त्या चुऱ्याची आणि सीएसटूची गाठ घालतात. पांढरा चुरा पिवळा-नारिंगी होतो. तो पुन्हा सोड्यात विरघळवला की एक दाट, चिकट द्राव तयार होतो. त्याला व्हिस्कोज म्हणतात. हा द्राव अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की छिद्राछिद्रातून चकचकीत धागा बाहेर येतो. झाडाच्या लाकडातून रेशमाची झळाळी निघते. जॉर्जेटच्या साड्या, अस्तरं, भरतकामाचे दोरे या धाग्यातून होतात. आणि धाग्यात सीएसटूचा अंशही उरत नाही. लाकडाला धागा होण्यापुरतं सोबत करून तो आम्लाच्या कुंडात सुटा होतो. सुटा झालेला सीएसटू गोळा करून परत वापरला नाही, तर तो त्या खात्याच्या हवेत जातो. हवेतून माणसाच्या छातीत जातो. छातीतून कुठं जातो, हा त्याच्या चरित्राचा खरा भाग आहे.

23 सप्टेंबर 2023 रोजी शहाडच्या कारखान्यात टँकरचा स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले, आसपासच्या वस्त्या हादरल्या. बातम्यांत सीएसटूचं नाव आलं. त्याचा तापट स्वभाव असा सगळ्यांना ऐकू येतो, दिसतो, पंचनाम्यात नोंदवला जातो. त्याचा दुसरा स्वभाव आवाज करत नाही. तो माणसाच्या मनात भीती होऊन शिरतो. जगभरच्या डॉक्टरांना हे ओळखायला फार वेळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत कामगारांनी दिली.

1796 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला विल्हेल्म लाम्पाडिउस या रसायनशास्त्रज्ञाला तो पहिल्यांदा सापडला. पन्नासेक वर्षं तो प्रयोगशाळांमध्येच राहिला. 1846 मध्ये इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सनं रबर भट्टीशिवाय, थंड पद्धतीनं टिकाऊ करायची रीत काढली, आणि त्यात सीएसटू लागत होता. पॅरिसमध्ये रबराचे फुगे आणि निरोध बनवण्याचा धंदा निघाला. तो बराचसा छोट्या, कोंदट खोल्यांमध्ये चाले. तिथले कामगार ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरकडे येऊ लागले. 1856 मध्ये त्यानं पहिला अहवाल दिला, 1863 मध्ये आणखी रुग्णांचं सविस्तर वर्णन केलं. त्यात आजाराचा क्रम दिसतो. आधी डोकेदुखी, बडबड, विनाकारण राग, रात्री भयानक स्वप्नं. नंतर उतरण : उदासी, विसर, पायांतली ताकद जाणं, हातापायांना मुंग्या, संसारसुखाची इच्छा मरणं. पाय लटपटायच्या आधी मन लटपटत होतं.

इंग्लंडमध्ये थॉमस ऑलिव्हर यांनी 1902 मध्ये धोक्याच्या धंद्यांवरच्या ग्रंथात रबर कारखान्यांबद्दल लिहिलं. वाफेनं झिंगलेल्या मुली संध्याकाळी झोकांड्या खात घरी जात. काही कामगारांना वेडाचा असा झटका येई की त्यांनी वरच्या मजल्यावरून खाली उड्या घेतल्या. लाइपझिगमध्ये रुडॉल्फ लाउडेनहाइमर या मनोविकारतज्ज्ञानं रबर कामगारांच्या अशा आजारांवर 1899 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे विसावं शतक उजाडताना वैद्यकशास्त्राला हे ठाऊक झालं होतं.

तरीही एक मोठी चूक त्याच काळात रुजली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले ज्याँ-मार्तें शार्को हे त्या काळचे मज्जाविकारांचे सर्वांत मोठे जाणकार. 1888 मधल्या एका मंगळवारच्या व्याख्यानात त्यांनी रबर कारखान्यातला एक कामगार विद्यार्थ्यांसमोर आणला. सीएसटूचा संबंध त्यांना दिसत होता. पण निदान त्यांनी हिस्टेरियाचं केलं : विषानं फक्त ठिणगी टाकली, दारूगोळा त्या माणसाच्या मूळ प्रकृतीतच होता, अशी ती मांडणी. इतक्या मोठ्या माणसाचा हा शब्द पुढे मालकांच्या कामी आला. कामगार घाबरतो, रडतो, रात्री ओरडतो, तर तो मुळातच कमकुवत मनाचा, असं म्हणायची सोय झाली.

सीएसटूचा सर्वांत क्रूर गुण मला हाच वाटतो. शिसं हिरड्यांवर निळी रेघ ओढतं, फॉस्फरस जबडा सडवतो. तिथं आजार बोटानं दाखवता येतो. सीएसटू माणसाच्या स्वभावात मिसळतो. शांत माणूस चिडका होतो. बेफिकीर माणूस पुलावरून जाताना घाबरतो. झोप उडते, छाती धडधडते, काहीतरी वाईट होणार ही धास्ती कारण नसताना बसून राहते. घरातली माणसं म्हणतात, "हल्ली ह्यांचं डोकंच ठिकाणावर नसतं." सासू सुनेला बोल लावते, कुणी बाहेरचं काही असेल म्हणून अंगारा आणतं, मित्र दारूच्या दुकानाकडे वळवतात, डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतात आणि टेन्शन घेऊ नका म्हणतात. आणि तो माणूस स्वतःलाच दोष देतो. विष स्वतःची सही माणसाच्या नावानं करतं.

असं का होतं, याचा काही भाग विज्ञानाला आता उलगडला आहे. शरीरात शिरलेला सीएसटू प्रथिनांना चिकटतो आणि त्यातून गंधक असलेली नवी संयुगं तयार होतात. ही संयुगं तांबं पकडून ठेवतात. मेंदूत डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवणारं जे विकर आहे, त्याला तांब्यावाचून काम करता येत नाही. सावधपणा, धास्ती, उत्साह, झोप यांचा तोल ज्या रसायनांवर अवलंबून आहे, त्यांच्या साखळीतली एक कडीच अशी अडते. दुसरीकडे मज्जातंतूंच्या आतले आधाराचे धागे एकमेकांना बांधले जातात, ठिकठिकाणी तंतू सुजतो आणि टोकाकडून मरत येतो. सर्वांत लांब मज्जातंतू पायांचे, म्हणून बधिरपणा तळव्यांपासून सुरू होतो. वर्षानुवर्षं संपर्क राहिला तर हात कापणं, चाल मंदावणं अशी कंपवाताची लक्षणंही येतात; इटलीत तुरिनच्या गुस्ताव्हो क्वारेल्ली यांनी रेयॉन कामगारांमध्ये ती दाखवून दिली. पेनसिल्व्हेनियातल्या रेयॉन कामगारांची तपासणी करणाऱ्यांत फ्रेडरिक लेवी होते. कंपवात झालेल्या मेंदूत सापडणाऱ्या गोळ्यांना ज्यांचं नाव आहे, तेच हे लेवी.

त्याचं एक नातं अनेक घरांना माहीत आहे. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरम नावाची गोळी देतात. ती चालू असताना दारू घेतली तर माणूस बेजार होतो. हे औषध शरीरात मोडतं तेव्हा त्यातून थोडा सीएसटूच निघतो. ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. क्वचित एखाद्या रुग्णाला तिच्यामुळे पायांत बधिरपणा किंवा मनाचा गोंधळ होतो, त्यामागे सीएसटूचा हात असावा. तीच गोळी मात्रेत आणि नजरेखाली असली तर संसार सावरायला मदत करते.

1892 मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोजचं पेटंट घेतलं आणि सीएसटू रबरातून कापडात आला. आता त्याचा मुक्काम छोट्या खोल्यांतून प्रचंड कारखान्यांत हलला. अमेरिकेत अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी 1930 च्या दशकात त्याचा पाठलाग केला. हार्वर्ड विद्यापीठानं अध्यापक म्हणून नेमलेल्या या पहिल्या स्त्री. रेयॉनच्या कारखान्यांतून मनोरुग्णालयांत गेलेल्या माणसांच्या कथा त्यांनी ऐकल्या होत्या. त्यांच्या खटाटोपातून पेनसिल्व्हेनियात सरकारी तपासणी झाली आणि रेयॉनमधला हा प्रश्न सरकारी कागदावर आला. जुनं ज्ञान पुन्हा नव्यानं मिळवावं लागलं, कारण मधल्या काळात विसरणं सोयीचं ठरलं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं रेयॉनच्या कामाला कैदी जुंपले. फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या कलाभ्यासक आन्येस अँबेर यांना क्रेफेल्डच्या कारखान्यात राबवलं गेलं. हातांना पडणाऱ्या भाजल्याच्या जखमा आणि सूत काढताना आंधळे होणारे डोळे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहेत.

आशियातली सर्वांत वेदनादायक कहाणी दक्षिण कोरियाची. तिथल्या वोनजिन रेयॉनसाठी 1960 च्या दशकात जपानमधून वापरलेली जुनी यंत्रं आणली गेली. दोन दशकं कामगार आजारी पडत गेले; लकवा, मनाचे विकार, मूत्रपिंडाचे विकार. कामगार आणि त्यांची कुटुंबं रस्त्यावर उतरल्यावर आजाराला आजार म्हटलं गेलं. 1993 मध्ये कारखाना बंद झाला, नऊशेहून अधिक माणसांना सीएसटूची बाधा झाल्याचं मान्य झालं, आणि लढ्यातून मिळालेल्या पैशातून कामगारांसाठी रुग्णालय उभं राहिलं. यंत्रं मात्र विकली गेली, चीनला.

पण त्याला वेसण घालता येते, याचाही पुरावा आहे. फिनलंडमध्ये रेयॉन कामगारांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त आढळले. तिथं 1970 च्या दशकात हवेतल्या सीएसटूची मर्यादा खाली आणली, संपर्कातली माणसं बाजूला काढली, आणि पुढच्या वर्षांत तो जादा मृत्यूंचा आकडा ओसरला. बंद यंत्रं, सूतकताईवर झाकणं, जोरकस हवा खेचणारे पंखे, वाफ पकडून पुन्हा वापरात आणणारी व्यवस्था, हे सगळं आज उपलब्ध आहे. लायोसेल नावाच्या पद्धतीत तर लाकडाचा धागा सीएसटूवाचूनच होतो. देल्पेशनं पाहिलेलं उघडं वेड आज म्हणूनच दुर्मीळ झालं आहे. दुर्मीळ झालं, म्हणून ते ओळखणारे डोळेही दुर्मीळ झाले.

आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यानं त्याची नोंद घेतली होती. त्या कायद्यातल्या तिसऱ्या परिशिष्टात कार्बन बायसल्फाइडची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये होती. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरनं तो आजार कारखाना निरीक्षकांना कळवायचा असे. त्याच कायद्यात हवेतल्या प्रमाणाची मर्यादा दर दहा लाख भागांत 10 भाग होती. युरोपीय संघानं सुचवलेली 5, आणि अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेची 2006 पासून 1. दहा आणि एक यांत जे अंतर आहे, ते कुणाच्या तरी झोपेत आणि कुणाच्या तरी हृदयात मोजलं जातं. शिफ्ट संपल्यावर लघवीची तपासणी करून संपर्क किती झाला हे कळतं, आणि ती तपासणी वाचतानाही शहाणपण लागतं : भरपूर कोबी खाल्ला तरी तिचा आकडा थोडा वाढतो.

हे लिहिताना कुठल्याही एका कारखान्यावर बोट ठेवायचं नाही. सीएसटू जिथं जिथं आहे तिथं त्याचा स्वभाव हाच आहे. शहाड-मोहोने पट्ट्यात प्रत्येक धास्तावलेल्या माणसामागे तोच आहे, असंही म्हणता येणार नाही. मोहोन्याचा कारखाना 2009 मध्ये बंद पडला तेव्हा सीएसटूची वाफ थांबली, आणि हजारो घरांत वेगळी चिंता आली : पगार, थकीत देणी, पोरांच्या फिया. गर्दीच्या गाडीत श्वास कोंडणं, भाड्याच्या खोलीचा करार संपत येणं, यांनीही छाती धडधडते. कामगारांनी कारखान्याची बाजू घेतली तर त्यात मला काही वावगं दिसत नाही. पोट त्यांचं आहे. पण पोटासाठी मेंदू गहाण पडू नये, एवढं मागायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे, आणि तो मागताना कमकुवत मनाचा म्हणून त्यांना कुणी गप्प करू नये.

इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनींनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. डॉक्टरांनी रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा काय? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न आपल्या दवाखान्यांत सर्वांत कमी विचारला जातो. चिंतेच्या रुग्णाला आपण घरचं विचारतो, लग्नाचं विचारतो, व्यसनाचं विचारतो. तो कोणत्या खात्यात उभा राहतो, तिथं वास कसला येतो, सुट्टीवर गावी गेल्यावर झोप सुधारते का, तळव्यांना मुंग्या येतात का, बरोबरच्या इतरांनाही असंच होतं का, हे विचारायला पाच मिनिटं पुरतात.

म्हणून शहाड, आंबिवली, उल्हासनगरच्या डॉक्टरांना, आणि जिथं जिथं रेयॉन, रबर किंवा गंधकाची रसायनं हाताळली जातात तिथल्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे : घाबरलेल्या माणसाला गोळी देण्याआधी त्याचं खातं विचारा, आणि उत्तर केसपेपरवर लिहा. युनियननं हवेच्या मोजणीचे आकडे मागावेत, ते मराठीत नोटीस बोर्डावर लावायला लावावेत. आणि घरातल्यांनी, हसरा माणूस अचानक चिडका आणि भित्रा झाला तर, त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी त्याला विचारावं, "अहो, हल्ली कुठल्या खात्यात टाकलंय तुम्हाला?" सीएसटूची आजवरची सगळी ताकद या प्रश्नाच्या अभावावर उभी आहे. देल्पेशनं तो विचारला, हॅमिल्टनबाईंनी विचारला, कोरियातल्या कामगारांच्या बायकांनी रस्त्यावर उभं राहून विचारला, आणि दर वेळी त्याला आपलं नाव सांगावं लागलं.